हरणीचं दही

बुधवारची वाटी

विरजण लावलेलं दूध आजही पाण्यासारखंच हललं.

"हरणीला न्यायला उद्या बाजाराचा टेम्पो येतोय," सासू म्हणाली. "असलं दूध देणारी गाय काय ओवाळायचीय?"

"दुधात अजून औषध आहे, आत्या," शालन म्हणाली. "त्यानं विरजण मरतंय. औषध उतरलं की लागेल दही."

मधली रात्र

शालनला झोप लागेना. हरणीची कास तीनदा सुजली होती, आणि तिन्ही वेळा सूज उतरताच शालननंच इंजेक्शनं अर्ध्यावर थांबवली होती. चौथ्या वेळी जंतू त्या औषधाला दाद देईनात. तालुक्याला दूध तपासून आणलं, तेव्हा चालण्यासारखं एकच औषध उरलं होतं. ते मात्र तिनं पाचही दिवस दिलं, आणि कास मऊ पडली.

गुरुवारची वाटी

बाहेर हॉर्न वाजला. शालननं डोळे मिटून वाटी उपडी धरली. दही जागचं हललं नाही.

सासूनं वाटी हिसकावली आणि तशीच उपडी धरून अंगणात धावली.

"ए बाबा, टेम्पो रिकामाच ने!" ती ड्रायव्हरला ओरडली. "पण थांब जरा. कढी पिऊन जा."