काढ्याचा गुण

"गोळी घेतलीस?" चपला पायात सरकवत वैद्यांनी विचारलं.

"घेतली हो. तुम्ही निघा, पेशंट खोळंबतील," बायको आतून म्हणाली.

दीड महिन्यापूर्वी ती अंथरुणातून उठत नव्हती. रक्ताचा कर्करोग; रोज एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. गोळीनं आजार आवरला होता, पण पोटात घास ठरेना. शेवटी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारून वैद्यांनी गोळीच्या जोडीला आल्याचा काढा सुरू केला. चार दिवसांत उलट्या थांबल्या. आठवड्याभरात ती आपणहून भाजी चिरायला बसली.

त्याच इस्पितळात वैद्यांची खोली होती, लिफ्टशेजारी, झाडूच्या कपाटाला लागून. तरुण डॉक्टर त्यांना पाठीमागे 'पालापाचोळा' म्हणत. वैद्य ते हसण्यावारी नेत. घरी सांगताना मात्र त्यांचा आवाज बसे. पण परवा डॉक्टरांच्या सभेत बाईंनी त्यांना मुद्दाम उभं केलं. काढ्याची हकिकत ऐकून टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं दोनदा सांगितलं.

आज बाईंनी त्यांना बोलावून बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला.

"आजार उसळलाय. फार पुढे गेलाय. गोळी लागूच पडत नाहीये." त्यांनी रिपोर्टवरून नजर उचलली. "काढ्यात आल्याखेरीज आणखी काही होतं?"

"नाही."

"मग आलंच आड येतंय का, कोण जाणे. सध्या काढा बंद करा."

वैद्य भरदुपारी घरी परतले. चाळीस वर्षं ज्या हातांनी लोकांना औषध दिलं, त्या हातांकडे त्यांना बघवेना. ती खिडकीशी केस विंचरत होती. ते तिच्यापुढे जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"मीच घात केला गं तुझा. माझ्या काढ्यानं गोळीचा गुण मारला."

तिनं फणी खाली ठेवली. मग तळहातानं त्यांचे डोळे पुसले.

"काढ्याला बोल लावू नका," ती म्हणाली. "तो सुरू झाला त्या दिवसापासून मी गोळीला हातच लावला नाही. म्हटलं, बरं व्हायचं तर तुमच्याच औषधानं."