यादीत लिहिलेले वीस

राहीबाईंनी मुलाच्या लग्नाची यादी सतरंजीवर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शेजारी इन्सुलिनच्या पेनातल्या चार रिकाम्या काचनळ्या मांडल्या.

"वाचा, पावणं."

सुनेच्या वडिलांनी, नाथाजींनी, चष्मा काढलाच नाही खिशातून. ओळ त्यांना पाठ होती. साड्या, भांडी, मानपान आणि त्याखाली मध्यस्थ नानासोंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलीस टाइप वन मधुमेह आहे. रोज वीस युनिट इन्सुलिन लागते. वरपक्षास मान्य.' खाली दोन्हीकडच्या सह्या.

"म्हैन्याला दोन नळ्या संपायच्या. आता चार. पेनावरचा आकडा मला वाचता येतो. छत्तीस घेती तुमची पोरगी." राहीबाईंचा आवाज चढला नव्हता. "आजार हाय म्हणून आमी न्हाई म्हणलो का? पर जेवढा हाय तेवढा सांगायचा. तीन पिढ्या गलाईचा धंदा हाय आमचा. खोट किती ते आमच्यापासनं लपवायचं न्हाई. शंभूचंबी तेच म्हणणं हाय. हिला घेऊन जावा."

शंभूराज, राहीबाईंचा मुलगा आणि क्रांतीचा नवरा, मदुराईत सोनं गाळून शुद्ध करण्याचं दुकान चालवत होता. चार दिवस त्याने क्रांतीचा फोन उचलला नव्हता. आणि आज सासूने सकाळीच लोणंदहून तिच्या वडिलांना विट्याला बोलावून घेतलं होतं.

नाथाजी मान खाली घालून बसले होते. लोणंदच्या कांदा बाजारात तीस वर्षं तोलाई करणारा माणूस. त्यांच्या वजनावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. ते एवढंच म्हणाले, "वीसच लागत हुतं, विहीणबाई. मी खोटं बोललो न्हाई."

दाराशी उभी असलेली क्रांती आत गेली आणि एक वही घेऊन आली. दीड वर्षात सासूसमोर ती एवढं कधी बोलली नव्हती.

"आत्या, हे बघा. लग्नाआधीचा रोजचा आकडा. आबांनी सोताच्या हातानं लिहिलाय. वीस, वीस, एकोणीस. आन् हे सोन्यासारखं नसतंय. कमी आकडा म्हणजे चोख पोरगी आन् जास्त म्हणजे खोट, असं न्हाई. सांगलीच्या दवाखान्यात माझ्यासंगं एक बाई असती, तिला चौदा लागतं. कॉलेजात जाणारा एक पोरगा हाय, त्याला साठ. आजार एकच. डॉक्टर म्हणाले, वजन, खाणं, काम, अंगात ताप, सगळ्यावर ठरतं ते. एकाचा आकडा दुसऱ्याला चालत न्हाई. आपलाच गेल्या सालचा औंदा चालत न्हाई."

"मग तुझाच का वाढला गं?"

"मी आले तवा एक्केचाळीस किलो हुते. आता बावन्न. तुमी वाढता, मी खाते."

राहीबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. तिच्या पोलक्यांच्या शिवणी त्यांनीच दोनदा उसवून सैल केल्या होत्या.

"आली तवा पाचटागत वाळकी हुती, ते खरं. तिकडं जेवत नव्हतीस व्हय?"

"जेवत हुते की." क्रांती वडिलांकडे बघून हसली. "पर अर्धी भाकरी आबाच उचलायचे. म्हणायचे, तुझ्या ताटातली गोड लागती."

लग्नाआधीचं ते वर्ष तिला फार आवडायचं. आई नव्हती. आबा बाजारातून येऊन तिच्या शेजारीच ताट मांडायचे. त्यांचा हात तिच्या ताटाकडे यायचा. उठताना तिच्या पोटात जागा राहायची, पण आबांना आपल्या ताटातलं गोड लागतं, यानंच पोट भरायचं. डॉक्टरांनी आकडा कमी केला की आबा मारुतीला नारळ फोडायचे. म्हणायचे, उतार पडतोय पोरी.

"माझ्या आबांनी आयुष्यात कधी काटा मारला न्हाई," ती म्हणाली. "मला काय म्हणायचं ते म्हणा. त्यांना लबाड म्हणू नका."

 राहीबाईंनी यादीची घडी घातली आणि नळ्या पदरात गोळा केल्या.

"शंभूला मी बघते. न्हाई जायाचं कुटं. उठा पावणं, लांबनं आलाय, जेवून घ्या. क्रांती, तूबी बस बापाशेजारी."

चुलीपुढे दोन ताटं मांडली गेली. कालवण, वांग्याची भाजी, दोघांच्याही ताटात दोन-दोन भाकऱ्या. क्रांतीने ताटाकडे बघून पेनाचं बटण फिरवलं. बारा. पदराआड पोटाला टोचून घेतलं आणि पहिला घास मोडला.

तेवढ्यात नाथाजींचा हात आला. ते तिच्याकडे बघतही नव्हते. सवयीने त्यांनी तिच्या ताटातली वरची भाकरी मोडली आणि अर्धी उचलून आपल्या ताटात ठेवली. तिथे त्यांच्या दोन भाकऱ्या तशाच होत्या, न मोडलेल्या.

राहीबाईंच्या हातातली पळी थांबली.

क्रांती त्या ताटाकडे बघत राहिली. तिला शंभूराजच्या आधी आलेलं तासगावचं स्थळ आठवलं. चौतीस युनिट ऐकून ते पाहुणे चहा तसाच ठेवून उठले होते. आबा तिच्या शेजारी जेवायला बसू लागले ते त्याच दिवसापासून. आकडाही तेव्हापासूनच उतरत गेला होता.

"पोरी," नाथाजी म्हणाले. 

क्रांतीने त्यांच्या ताटातली ती अर्धी भाकरी परत घेतली, आपलं ताट उचललं आणि चुलीच्या पलीकडे सासूच्या शेजारी जाऊन बसली.