खोपटीतली चार अंडी

चहाचा पहिलाच कप संपवून ओन्नोने कपात चमचा उभा केला. त्याच्या आईने, गेसीनाने, त्या चमच्याकडे पाहिलं आणि किटली खाली ठेवली. पूर्व फ्रीसलंडमध्ये ‘आता पुरे’ म्हणायला कपात चमचा ठेवतात, पण तोही तीन कप झाल्यावर. त्याआधी ठेवणं म्हणजे घरच्या बाईचा सरळसरळ अपमान. आज मात्र ओन्नोला बसवतच नव्हतं. घड्याळ बघ, खिडकीत जा, परत ये आणि वाटीतलं इस्टरचं साखरी अंडं तोंडात टाक, असं त्याचं चाललं होतं. वाटीत गुलाबी आणि पिवळी तेवढी उरली होती.

“साडेनऊ म्हणाला होता त्यार्क,” तो म्हणाला.

“येईल की. पाडायच्या कामाला कुणाला उशीर होत नाही.”

हिवाळ्यात गेसीना हो म्हणून बसली होती. घर विकायचं आणि ब्रेमेनला ओन्नोच्या शेजारी दोन खोल्यांत राहायचं. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढताना तीनदा थांबावं लागे. जानेवारीच्या अंधारात माणूस कशालाही हो म्हणतो. मग मार्च आला, माती भुसभुशीत झाली आणि बाईचे हात शिवशिवायला लागले. तिने कुणाला न विचारता वाटाणा पेरला, बटाटे लावले. आज त्याच वाफ्यांवरून त्यार्कचं पाडकामाचं मशीन फिरणार होतं. अवजारांची खोपटी पाडायची, बाग सपाट करायची, गाड्यांसाठी फरशी घालायची. सोमवारपासून गिऱ्हाइकं बघायला येणार होती. गेसीनाला एवढा एकच वसंत हवा होता, पण दिलेला शब्द मोडायची तिला लाज वाटत होती.

रस्त्यावर घरघर ऐकू आली. गेसीना उठली.

“खोपटीला हात लावता येणार नाही. आत तुळईवर कस्तुराचं घरटं आहे. अंडी घातलीत त्याच्या मादीनं.”

“कधी?”

“पाखरं मला विचारून घालत नाहीत.”

ओन्नो बाहेर गेला. गेसीना चपला शोधत मागून. त्यार्क मशीनवरून उतरला, ऐकून घेतलं आणि टोपी मागे सारून डोकं खाजवू लागला. तो ओन्नोच्याच वर्गातला.

“अंडी असतील तर मी नाही हात लावणार, काकू. घरटं मोडलं तर दंड मला बसेल. पिल्लं उडेपर्यंत थांबायचं आणि मग मी थेट जुलैअखेरीस मोकळा.” त्याने खोपटीत डोकावून पाहिलं. “पण मादी काही बसलेली दिसत नाही.”

“तुझा राक्षस दारात गुरगुरतोय. कशी बसेल?”

“मी बघतो,” ओन्नो म्हणाला.

“नको! माणसाचा वास लागला की ती अंडी टाकून जाते.”

“मी हात लावत नाही, आई. नुसतं बघतो.”

शिडी तुळईला टेकवलेलीच होती. पायऱ्यांवर ओली माती होती, ती त्याच्या तळहातांना लागली. तो वर गेला आणि तिथेच थांबला. खाली गेसीना दारातून वाफ्यापर्यंत आणि वाफ्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालू लागली. त्याने ‘काही नाही’ म्हटलं की संपलं. वाटाण्याच्या वाफ्यात पिवळ्या चोचीचा काळा कस्तूर गांडूळ ओढत होता. त्याला कसलीच फिकीर नव्हती.

ओन्नो हळूहळू उतरला. हात विजारीला पुसले.

“चार आहेत,” तो त्यार्कला म्हणाला. “निळी, ठिपक्यांची. मशीन परत ने.”

“नक्की?”

“आंधळा आहे का मी?”

“मग जुलै.”

“जुलै.”

घरघर कोपऱ्यापलीकडे विरली. दोघं स्वयंपाकघरात येऊन बसली. गेसीना खिडकीबाहेर बघत राहिली, मुलाकडे काही बघेना. ओन्नोने कपातला चमचा काढून बशीत ठेवला आणि कप पुढे सरकवला. तिने खडीसाखरेचा खडा टाकला, वर चहा ओतला. खडा तडकला.

मग ओन्नोने खिशातून निळं, ठिपक्यांचं एक अंडं काढलं, तोंडात टाकलं आणि कडकन फोडलं.

“तुझी इस्टरची अंडी मला लहानपणीही लगेच सापडायची, आई,” तो चावत म्हणाला. “पण तेव्हा तू ती लपवायला शिडीवर चढत नव्हतीस.”