गोड्या पाण्याचा कॅन

तसवाहनने गोड्या पाण्याच्या कॅनमध्ये दोन मुठी मीठ टाकलं, झाकण पिळून लावलं आणि कॅन गदागदा हलवला. आत तिचा नवरा मतशर फजरच्या, पहाटेच्या नमाजाला उभा होता. म्हणजे वेळ बक्कळ होता. तिने झाकण उघडून आणखी अर्धी मूठ टाकली.

पिऊ दे कमीलाला चहा.

मीठ टाकायला लागून हा नववा दिवस. दोन वर्षं पाऊस नव्हता, कालव्यात गाढवं लोळत होती आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. प्यायचं पाणी टँकरने यायचं, तेही मोजून. त्यातला एक कॅन तिचा नवरा रोज पहाटे खांद्यावर मारून कमीलाच्या घराकडे न्यायचा. कमीला त्याची चुलतबहीण. रिवाजाप्रमाणे तिच्यावर पहिला हक्क त्याचा, लग्न ठरल्यातच जमा होतं. ऐन वेळी त्याने तसवाहनला मागणी घातली. याला तीस वर्षं झाली. आता कमीला विधवा होती आणि तरी डोळ्यांत काजळ घालत होती. सरळ सांगायचं तर तसवाहन जळत होती.

विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ती कमीलाला घाबरते असं झालं असतं. शिवाय मतशर हल्ली घुम्यासारखा राहायचा. रान मिठाने पांढरंफटक पडलं होतं. गेल्या साली पेरलेला गहू वीतभर झाला, पिवळा पडला आणि तिथेच बसला. बसऱ्याहून मुलगा, रिसान, सारखा बोलावत होता. "जा तुम्ही," तसवाहनने सांगून टाकलं होतं. "मी इथून हलणार नाही." मतशरही हलला नव्हता. आता तिला वाटत होतं, तो कुणासाठी थांबलाय ते आपल्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो कॅन घेऊन गेला, तो ऊन चढलं तरी परतला नाही. तसवाहनच्या अंगाचा तिळपापड झाला. अबाया डोक्यावर ओढून ती तरातरा निघाली.

कमीलाच्या घरामागे, भिंतीच्या कडेला दोघं उकिडवी बसली होती. समोर चादरीएवढा वाफा. त्यात बोटभर उंचीचा गहू, शेंडे करपलेला, माना टाकलेला.

"चांगलं चाललंय," तसवाहन म्हणाली. "मलाही बोलवायचं होतं."

मतशरने वर पाहिलं. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. बाप गेला त्यानंतर तिने त्याला असं पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापाच्या खळ्यावरचं बी आहे हे, उम रिसान," तो तिला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला. "तू लग्नात गोणी आणली होतीस, तेच. आपल्याकडचं सगळं त्या रानाने खाल्लं. मागे हिने पेरायला नेलेलं थोडं हिच्या रांजणात निघालं. मीठ न चढलेला एवढाच तुकडा राहिला होता गावात. म्हटलं, इथे गोड्या पाण्यावर जगलं तर बी धरू आणि राहू. तुला हलायचं नाही ना."

"काय तरारलं होतं गं," कमीला म्हणाली. "मी रोज म्हणायचे, तिला बोलव. हा म्हणे, आधी लोंबी येऊ दे. आणि या आठ-दहा दिवसांत काय झालं कोण जाणे."

मतशरने माती बोटाने उकरली, जिभेला लावली आणि थुंकला. "इथेही मीठ वर आलं. संपलं. रिसानला फोन करतो, म्हैस विकायला काढतो. आता हट्ट करू नकोस."

तसवाहन गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बसऱ्यात कमीला नव्हती. नवरा तिच्या एकटीचा झाला असता. तीस वर्षं जे हवं होतं, ते आयतं ताटात पडत होतं.

कमीला एकेक रोप बोटाने उभं करत होती. ते पुन्हा पडत होतं.

"रांजणात काही उरलंय का?" तसवाहनने विचारलं.

"असेल मूठभर. पण अशा मातीत काय उगवणार?"

"माती गोडच होती," तसवाहन म्हणाली. "मीठ माझ्या हातचं आहे."