ट्रंकेची दोरी

पायाखालचं पेडल एकदम सपाट झालं. धाकट्याने पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण नुसताच पत्रा दाबतोय. इंजिन मंदावलं. मागच्यांनी हॉर्न वाजवून आपापलं कर्तव्य पार पाडलं. त्याने ट्रक कसाबसा कडेला घेतला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पहाटे चारपासून तो गाडीवर होता. आता दुपारचे तीन वाजत आले होते.

"वायर गेली," शेजारून अण्णा म्हणाले. "ॲक्सिलरेटरची."

अण्णांना समोरचा रस्ता दिसत नव्हता. गेली दोन वर्षं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण हा ट्रक त्यांनी सव्वीस वर्षं चालवला होता, आणि त्याचं कुठं दुखतंय ते त्यांना अजूनही मुलाच्या आधी समजायचं. मुलाला या गोष्टीचा फार राग यायचा.

"माहितीये," तो म्हणाला.

"इथं माळावर कोणी मिस्त्री यायचा नाही. डिझेल पंपाच्या लिव्हरला दोरी बांध. इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून केबिनमध्ये घे. तू गाडी सांभाळ, मी ओढतो."

"आता दोरी कुठून आणू?"

अण्णांनी पायापाशी चाचपून पाहिलं. तिथं त्यांची ट्रंक होती. तिची कडी तुटलेली, म्हणून सुनेने ती दोरीने आवळून दिली होती. थोरल्याकडे चार दिवस राहून या, तेवढाच बदल, असं घरात सगळे आठवडाभर म्हणत होते. इतक्यांदा म्हणाले होते की म्हणणाऱ्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

गाठ सुटली तसं झाकण वर आलं. अण्णांचा हात आत गेला आणि थांबला. वरच त्यांचा लोकरीचा स्वेटर होता. खाली कानटोपी, त्याखाली दाबून बसवलेली रजई. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

धाकटा बघत होता. चार दिवसांना रजई कशाला, असं आता ते विचारणार. मग सगळं सांगावंच लागणार. एकच खोली, मुलांचे अभ्यास, गेल्या महिन्यात उघडा राहिलेला गॅस, तेव्हापासून रात्रभर जागी राहणारी बायको. उत्तर केव्हाचंच तयार होतं. त्याने मनातल्या मनात ते एकदा घोकलं.

अण्णांनी स्वेटर नीट आत दाबला, झाकण लावलं आणि दोरी पुढे केली.

"पक्की आहे," ते म्हणाले.

दोरी बांधून आत आली. अण्णांनी टोकाचे दोन वेढे तळहाताला घेतले. पहिल्याच हिसक्याला इंजिन किंचाळलं.

"अहो, हळू!"

"ओरडू नकोस रे. सवय मोडलीये जरा."

गाडी हलली. सुरुवातीला 'ओढा', 'सोडा' असं चाललं होतं. थोडं अंतर गेल्यावर तेही बंद झालं. धाकट्याचा पाय क्लचवर गेला की दोरी सैल व्हायची, गिअर पडला की ताणली जायची. पुलाच्या चढावर तर त्याने तोंड उघडायच्या आतच इंजिनाला जोर आला. दोघांत मिळून एक बरा ड्रायव्हर झाला होता.

म्हाताऱ्याने हात सैल सोडला असता तर गाडी जागच्या जागी थांबली असती. दम लागला म्हटलं असतं, तर कोण काय बोलणार होतं? खरं म्हणजे धाकटा त्याचीच वाट बघत होता. पण अण्णांनी दोरी एकदाही सोडली नाही. हातावर लाल वळ उठले तरी ते ओढत राहिले. आपल्याला पोचवायला निघालेली गाडी ते आपल्याच हाताने पुढे नेत होते. धाकट्याला लाज वाटली. लाज वाटली तरी गाडी त्याच रस्त्याने चालली होती.

थोरल्याच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्यावर हातोडा पडत होता.

"गॅरेज आलं वाटतं," अण्णा म्हणाले. "वायर टाकून घे."

"आधी पोचू. मग बघतो."

थोरला दारातच उभा होता. धाकट्याने इंजिन बंद केलं.

"या अण्णा. गॅलरीत खाट टाकलीये, वारा येतो छान," म्हणत थोरल्याने ट्रकचं दार उघडून ट्रंक उचललीसुद्धा.

अण्णा जागचे हलले नाहीत. दोरी त्यांच्या हातातच होती.

"उतरतो रे. पण हा परत कसा जाणार? दोरी कोण ओढणार?"

आवाजात तक्रार नव्हती. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

थोरला हसला. "एवढंच ना? कोपऱ्यावर गॅरेज आहे की. दहा मिनिटांचं काम."

धाकटा अण्णांच्या तळहाताकडे बघत होता. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

"गॅरेज बंद आहे," तो म्हणाला.

कोपऱ्यावरून ठणठण आवाज येत होता, चांगला खणखणीत. थोरल्याने तिकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि उचललेली ट्रंक हळूच परत आत सरकवली.

"बंदच असणार या वेळेला," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दोरीचा आणखी एक वेढा हाताला घेतला.