उरलेल्या गोळ्या

पडद्यावर एकामागून एक पाच चौकटी उजळल्या, तशी मोजणीबाईंनी आपली खुर्ची आणखी मागे सरकवली. चार चौकटींत चार परक्या देशांमधली केंद्रं होती. पाचवीत सगळ्यांचे प्रमुख, मोठे डॉक्टर. इकडे दुपारचे अडीच वाजले होते आणि त्यांच्या खिडकीत नुकतं उजाडत होतं.

मोजणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. केंद्रात येणाऱ्या बायकांनी ते पाडलं आणि हजेरीपट सोडला तर सगळीकडे तेच रुळलं. एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून निरोगी बायकांनी रोज एक गोळी घ्यायची, महिन्याने डबी परत आणायची आणि तिच्यात उरलेल्या गोळ्या बाईंनी मोजून वहीत लिहायच्या. त्या गोळीचा उपयोग होतो की नाही, हे पाच देश मिळून तपासत होते. बाकीच्या चार केंद्रांच्या वह्यांप्रमाणे शंभरातल्या पंचाण्णव गोळ्या बायकांच्या पोटात जात होत्या. बाईंच्या वहीत हा आकडा काही केल्या एक्केचाळीसच्या वर जायला तयार नव्हता.

गेल्या महिन्यात केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी चहा पिता पिता विषय काढला होता. पोर गुणाची, पण पार धास्तावलेली. आकडा असाच राहिला तर केंद्राला टाळं लागेल आणि इथे येणाऱ्या दोनशे बायकांची तपासणी, औषधं, सगळंच बंद पडेल, असं तिने सांगून पाहिलं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, जरा सांभाळून मोजा ना, बाई. बाईंनी चहा संपवला, कप विसळला आणि म्हणाल्या, की मोजणं मला येतं, सांभाळून मोजणं येत नाही. बोलून बसल्या खऱ्या, पण तेव्हापासून जिवाला घोर लागला होता. आपल्या हट्टापायी दोनशे बायका वाऱ्यावर पडणार, हा विचार पिच्छा सोडेना.

आणि आज बैठकीला खास बाईंनाच बोलावणं होतं. आता चारचौघांत बोलणी खायची आणि गुमान घरी जायचं, असं धरूनच त्या आल्या होत्या. वही मात्र त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती.

मोठे डॉक्टर बोलू लागले. डॉक्टरीणबाई शेजारी बसून त्यांचं बोलणं हलक्या आवाजात मराठीत सांगत होत्या. हे केंद्र बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी एकदा खातरजमा करावी, म्हणून पाचही केंद्रांतलं रक्त सहाव्या एका देशातल्या प्रयोगशाळेकडे पाठवलं. गोळी खरंच पोटात गेली असेल तर ते रक्तात दिसतं. चार केंद्रांच्या वह्या एक सांगत होत्या आणि रक्त भलतंच. तिथल्याही निम्म्याहून जास्त गोळ्या कुणी घेतल्याच नव्हत्या. केंद्रातले लोक रागावतील या भीतीने बायका त्या वाटेत गटारात ओतत आणि रिकामी डबी पुढे करत. वही आणि रक्त जुळलं ते एकाच केंद्राचं.

इथे डॉक्टरीणबाई बाईंकडे वळल्या.

"बाई, ते म्हणताहेत, गोळ्या घेऊनही लागण होतेय, म्हणजे गोळी कुचकामी आहे असं समजून आम्ही ती सोडून देणार होतो. जिने ती खरंच घेतली, तिचा बचाव झालाय. तुमचा आकडा खोटा ठरवायला गेलो, म्हणून हे कळलं."

बाईंचे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात उचलावा तर वही खाली पडेल, म्हणून त्या तशाच बसल्या.

तेवढ्यात एका चौकटीतला धिप्पाड परिचारक काहीतरी बोलला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तो विचारत होता, की आमच्याकडे बायका आमच्या तोंडावर खोटं बोलतात, मग तुम्हाला कशा काय खरं सांगतात?

बाईंना भाषण कुठलं येतंय. त्या उठल्या, टेबलाचा खण उघडला आणि आतून स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. महिना संपला होता आणि पट्टीत सहा गोळ्या तशाच होत्या.

"आधी मी माझ्या दाखवते," बाई म्हणाल्या. "मग त्यांच्या मोजते. का नाही घेतली, असं कधीच विचारत नाही. त्या दिवशी काय झालं होतं, एवढंच विचारते."

आणि त्यांनी वहीची मागची पानं उघडली. कुणाच्या नवऱ्याला डबी सापडली होती आणि घरात महाभारत झालं होतं. कुणाला गोळी घेतली की मळमळायचं. कुणाला वाटत होतं, धडधाकट बाईने औषध घेतलं की लोक तिला आजारी समजतात. एकीची आई वारली होती. बाईंच्या बारीक अक्षरात सगळ्याजणी तिथे बसलेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यातलं थोडं वाचून दाखवलं. एवढे दिवस ही पानं आपण उलटून पाहिली नाहीत, याचं त्यांना वाईट वाटलं.

मग मोठे डॉक्टर उठले आणि दिसेनासे झाले. त्यांची रिकामी खुर्ची तेवढी पडद्यावर राहिली. आपलं काही चुकलं की काय, असं बाईंना वाटून गेलं. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्वतःच्या गोळ्यांची एक पट्टी होती. ती त्यांनी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरली.

मोजणीबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, पडद्याकडे वाकल्या आणि सवयीने बोट फिरवत मोजलं.

"चार राहिल्यात," त्या म्हणाल्या. "काय झालं होतं त्या दिवसांत?"