सुपारीसह बाली

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शिरपूरच्या प्रेमराजभाऊंनी बालीचं जोडप्याचं पॅकेज घेतलं. कोकिळाबाईंनी नवी साडी नेसून पासपोर्टचा फोटोही काढला. पण म्हशींपाशी कुणीतरी हवं, आणि म्हशी भाऊंना ओळखतच नव्हत्या. पूजेला बायको नसली की कमरेला सुपारी खोचून भागतं, मग बालीत का भागू नये, म्हणत भाऊ सुपारी खोचून एकटेच उडाले. समुद्रकाठी त्यांनी सुपारीला केक भरवला आणि तो फोटो मोठ्या मनाने बायकोला धाडला. परतताना विमानतळावरून फोन केला, "निंघनू मी. भरीत करी ठेव."

"तठेच र्‍हा. तुमन्या खुर्चीवर मी बी सुपारी ठेयेल शे. ती भरीत मांगत नही, आन् म्हशी बी तिले वळखतस."